कीलच्या लेखात पाणबुडी राहिली

महोदय,

जर्मनीतल्या कील शहरावरचा रविवारचा लेख आवडला, पण जवळच्या लाबो गावच्या वाळूवर उभी असलेली दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी ‘यू-९९५’ त्यातून राहूनच गेली. तिचा जन्म कीलचा नव्हे. ती हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत बांधली गेली आणि १९४३ मध्ये नौदलात दाखल झाली. युद्ध संपले तेव्हा ती नॉर्वेत होती. तिथल्या नौदलाने ती ‘काउरा’ नावाने वापरली आणि मग परत केली. १९७२ पासून ती संग्रहालय आहे.

लांबी ६७ मीटर, माणसे पन्नासच्या आसपास. गोल दारातून वाकून, आधी एक पाय टाकतच पुढच्या कप्प्यात जावे लागते. झोपायच्या फळ्या टॉर्पेडोंना खेटून. संडास दोन, पण मोहिमेच्या सुरुवातीला त्यातल्या एकात शिधा कोंबलेला! शेजारच्या म्योल्टेनोर्टच्या स्मारकावर न परतलेल्या पाणबुडी-सैनिकांची ३० हजारांहून अधिक नावे आहेत. त्यांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची नावे अर्थातच तिथे नाहीत.

आणखी एक. आपल्या नौदलाची पाणबुडी ‘आयएनएस शिशुमार’ कीलच्याच गोदीत बांधलेली, १९८६ ची. त्याच आराखड्यावरची ‘शल्की’ मात्र आपल्या माझगाव गोदीत तयार झाली. मुंबईच्या वाचकांसाठी एवढी एक ओळ लेखात हवी होती.

– एक वाचक, डोंबिवली