साइटवरचे जुने फोटो डिलीट करायच्या आधी थांबा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात कितीतरी नाट्यसंस्था, तालमी, शाळा, वाचनालयं यांच्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या वेबसाइट आहेत, त्यातल्या कुणाला फोटो दिसायचे बंद झाले असतील तर त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून लिहितेय.

मी एका हौशी नाट्यसंस्थेची वेबसाइट सांभाळते. २०११ ला ती वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) मल्टिसाइट करून बनवली होती, म्हणजे एकाच इन्स्टॉलमध्ये मुख्य साइट, बालनाट्य, स्पर्धा आणि जुन्या प्रयोगांचे फोटो अशा चार साइट. दिवाळीनंतर होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) बदलताना ज्यांना काम दिलं त्यांनी मल्टिसाइट काढून टाकली आणि फक्त फोटोंची साइट ठेवली, तिथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी बघते तर गॅलरीत एक पण थंबनेल (फोटोची छोटी कॉपी) नाही, नुसते करडे चौकोन. फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, मूळ फाइलच सापडत नाहीत, फोटो गेलेत, सगळे डिलीट करा आणि तुमच्याकडचे परत अपलोड करा."

परत कुठून करणार हो? यातले निम्मे फोटो आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहातल्या प्रयोगांचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर जळालं. ते परत उभं केलं तरी आमची माणसं त्या जुन्या रंगमंचावर उभी होती ते पुन्हा कॅमेऱ्यात येणार नाही, आणि ज्यांनी फोटो काढले ते काका पण आता नाहीत.

मी डिलीट केलं नाही. भाच्याला बसवला. त्यानं होस्टिंगचा फाइल मॅनेजर उघडला, अपलोड्स फोल्डरमध्ये २०१२, त्यात ०३, आणि आत सगळे फोटो जसेच्या तसे. पहिलाच उघडला तो प्रयोगाआधीचा, पडद्याच्या फटीतनं प्रेक्षक बघणारी आमची नायिका, अर्ध्याच चेहऱ्याला मेकअप झालेला. मला रडूच आलं.

मग झालं काय होतं, तर वर्डप्रेस ३.५ म्हणजे डिसेंबर २०१२ च्या आधीच्या मल्टिसाइटमध्ये फोटो ब्लॉग्ज डॉट डीआयआर नावाच्या फोल्डरमध्ये साइटच्या नंबरप्रमाणे राहायचे आणि बाहेर पत्ता दिसायचा नुसता 'फाइल्स' असा, या पत्त्यावरनं त्या फोल्डरपर्यंत न्यायचं काम एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या, सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलमधला एक नियम करायचा. मल्टिसाइट काढली तसा तो नियम गेला, फोटो अपलोड्समध्ये हलवले, पण लेखांमधले पत्ते 'फाइल्स'चेच राहिले. त्यात जागा वाचवायला म्हणून फक्त मोठे मूळ फोटो हलवले, १५० बाय १५० वाल्या छोट्या कॉपी मागंच सोडल्या. आणि सेटिंगमध्ये अपलोडचा मार्ग अजून जुनाच होता, त्यामुळं त्यांनी थंबनेल परत बनवायचं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) चालवलं तेव्हा ते जुन्या, नसलेल्या फोल्डरमध्ये शोधत बसलं आणि 'मूळ फाइल नाही' म्हणालं. एवढ्यावरनं फोटो गेले असं ठरवून मोकळे!

दुरुस्तीचा क्रम नीट वाचा, कारण आम्ही पण एकदा चुकलो. आधी डेटाबेस (जिथं साइटचा मजकूर आणि सेटिंग असतात) आणि फोटो दोन्हीचा बॅकअप. मग सेटिंग्जमधल्या मीडियाच्या पानावर अपलोडच्या मार्गाची चौकट असते (जुना मार्ग भरलेला असेल तरच ती दिसते), ती रिकामी करून सेव्ह करायची, म्हणजे वर्डप्रेस आपोआप अपलोड्समध्ये बघतं. मग लेखांमधले 'फाइल्स'चे पत्ते बदलून अपलोड्सचे करायचे. इथं भाच्यानं पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस उघडून बदलायचं साधन) सगळ्या टेबलांवर थेट रिप्लेस मारलं आणि साइडबारचे विजेट, म्हणजे बाजूच्या पट्टीतल्या चौकटी, गायब झाले, कारण काही सेटिंग वर्डप्रेस अक्षरांची संख्या आधी लिहून साठवतं, मजकूर लांब झाला आणि संख्या तीच राहिली की ते अख्खं सेटिंग त्याला वाचताच येत नाही. बॅकअप होता म्हणून वाचलो. नंतर डब्ल्यूपी-सीएलआय (कमांड टाइप करून वर्डप्रेस चालवायचं साधन) याच्या सर्च-रिप्लेसनं केलं, ते ही संख्या पण बदलतं, आणि आधी ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी, करून किती ठिकाणी बदल होणार ते दाखवतं. जीयूआयडीचा, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या कायमच्या ओळखीचा, रकाना तेवढा वगळायचा. थंबनेल परत बनवायचं प्लगिन सगळ्यात शेवटी. आमचं रात्री नऊला लावलं आणि चौकोन एकेक करून भरत गेले, मी शेवटचा फोटो येईपर्यंत खुर्चीवरनं उठले नाही.

काम करणाऱ्यांवर माझा राग एवढ्याचसाठी आहे की फाइल मॅनेजर उघडायला दोन मिनिटं लागतात, ती न देता त्यांनी डिलीट करा सांगितलं. मीडिया लायब्ररीतनं कायमचं डिलीट केलं की नुसती नोंद जात नाही, सर्व्हरवरची फाइल पण पुसली जाते. मी ऐकलं असतं तर आज काय उरलं असतं कुणास ठाऊक.

म्हणून ज्या संस्थांना असंच सांगितलं गेलंय त्यांनी आज काहीही डिलीट करू नका, जुनं होस्टिंग अजून चालू असेल तर ते पण बंद करू नका, आणि आधी तो अपलोड्स फोल्डर कुणाकडनं तरी उघडून घ्या.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर