गड्ड्याची जत्रा झाली की निघायचं

आई, आबा,

फोनवर सांगितलं असतं पण आई मधेच "बरं बरं, जेवलीस का" करून विषय संपवते, म्हणून लिहितेय. हडपसरला भाड्यानं घर घेतलंय, तळमजल्यावर. डिपॉझिट भरून झालंय, त्यामुळे विचारत नाहीये, सांगतेय. चिडू नका. सोलापूरचं, कुंभारीतलं घर विकायचं नाही, नुसतं कुलूप लावायचं. 2006 ला बिडी कामगारांच्या त्या दहा हजार घरांत आपलं निघालं तेव्हा आई चौकटीवरून हात फिरवत बसली होती, ते माझ्या लक्षात आहे. पण आई, तुझा खोकला मला ऐकू येतो गं, आणि त्यात रोज हजार बिडी, तंबाखूचं सूप मांडीवर, वर कारखान्याचा ब्रँचवाला खराब म्हणून बिड्यांची छाट काढणार ती वेगळीच. आता बास की.

इथं पाणी रोज येतं, चार-पाच दिवसांनी नाही. संडास कमोडचा, आबांच्या गुडघ्याला बरा. गॅलरीत खाट मावते, मी टेपनं मोजलीय. शेजारी लातूरचे आहेत, गप्पांची ददात नाही.

परवा पोरीला विटी-दांडू शिकवला. वकट, लेंड, मुंड, नाल मोजायला लागले तर ती हसून लोळायला लागली. मग तिला आपल्या पूर्व भागातला बोळ सांगितला, दोन्हीकडून मागांची खडखड, आणि माझी विटी खिडकीतून थेट आबांच्या मागावर, चादरीचे धागे तटातट तुटलेले. आबा खिडकीत आले, "काय करलालीस बे, डोळे फुटले काय?" मालकानं ते पैसे पगारातून कापले, ते मला लग्नानंतर कळलं. पण विटी आबांनी लगेच परत टाकली होती. आता घरात पोरगी सगळ्यांना "काय करलालास बे" करत फिरते, तिच्या बाबालासुद्धा.

तर नीट ऐका. बिडीचं कार्ड, पीएफचे कागद, आधार एकाच पिशवीत, आणि ती पिशवी आईकडे, आबांकडे नको. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी भरपूर आणा, इथली चटणी गोड असते. तंबाखूचा डबा तिथंच. सिद्धेश्वराच्या जत्रेतले नंदीध्वज बघितल्याशिवाय आबा हलणार नाहीत म्हणून हुतात्मा एक्सप्रेसची तिकिटं गड्ड्यानंतरचीच काढलीत. नाहीच करमलं तर परत सोडायला मी स्वतः येईन, पण उन्हाळा तिथं काढायचा नाही, पत्रा तापला की आईला चक्कर येते.

सूप कुणाला द्यायचं ते आत्ताच ठरवून ठेव आई, निघायच्या दिवशी रडारड नको.

तुमची,
बेबी