कामगार मंत्री साहेब, कॅमेऱ्यामागच्या माणसाची पण हजेरी लावा

मा. कामगार मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

तुम्ही मला बघितलंय पण ओळखणार नाही. सभेत स्टेजच्या समोर लोखंडी स्टँड बांधलेला असतो, त्याच्यावर ट्रायपॉड लावून एक जण उभा असतो आणि मागची पब्लिक "ओ कॅमेरावाले, खाली बसा की" म्हणून ओरडत असते, तो मी. नाहीतर माझ्यासारखाच कोणतरी. सातारा-सांगली पट्ट्यात अकरा वर्षं हेच करतोय, यात्रेतल्या कुस्त्या, कीर्तन, टेनिस बॉलच्या नाईट मॅचेस, विसर्जन, नेत्यांचे वाढदिवस. स्टुडिओ वगैरे काही नाही माझा. लाईव्हचा सेटअप असलेल्या वेंडरचा आदल्या रात्री फोन येतो, "उद्या मोकळा आहेस का, दोन नंबर कॅमेऱ्याला माणूस पायजे", की आपण बॅग उचलायची.

डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना मोकळीक देणारा राज्याचा कायदाच कायम केला, तेव्हापासून आमची कामं वाढली, खोटं कशाला बोलू. माझा कॅमेरा बहुतेक वेळा शेवटच्या रेषेवर असतो. झेंडा पडला की समोर नुसती धूळ, आणि त्या धुळीतनं दोन जोड्या येतात त्यांच्यात कधीकधी एका नाकाचं अंतर असतं, ते फ्रेममध्ये पकडायचं. वाद झाला की सगळी कमिटी आमच्या मिक्सरवर येऊन पडते, रिप्ले लाव, अजून स्लो कर, थांब थांब तिथंच थांब. निकाल माझ्या फ्रेमवर लागतो आणि हरलेला गाडीमालक पंचाला सोडून माझ्याकडं बघतो.

गेल्या उन्हाळ्यात एक जोडी पट्टा सोडून सरळ आमच्या अंगावर आली. पळावं का कॅमेरा उचलावा ह्या विचारात माझा एक सेकंद गेला, कॅमेरा वाचला, ट्रायपॉडचा पाय मोडला आणि माझ्या पिंडरीला सात टाके पडले. मैदानावर बैलांसाठी जनावरांचे डॉक्टर हजर होते, परवानगीची अटच आहे ती, आणि असायलाच पायजे, बैलाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच परवानगीत शर्यतीचं पूर्ण शूटिंग करायचं पण लिहिलेलं असतं, म्हणजे मी तिथं हौसेनं उभा नव्हतो, प्रशासनाला पुरावा लागतो म्हणून पण होतो. माझ्याबद्दल त्या कागदावर एक ओळ नाही. टाक्यांचा खर्च मी केला आणि वेंडरनं ट्रायपॉडचे पैसे माझ्या हजेरीतनं कापले, पुढच्या कामाला बोलवायचा बंद होईल म्हणून मी गप्प बसलो.

दुसरं सांगतो, इलेक्शन. २०२४ ला लोकसभेला पण होतो आणि विधानसभेला पण, नाक्यावर गाड्या तपासणाऱ्या स्थिर पथकात, ज्याला सगळे एसएसटी म्हणतात. रात्री दोन वाजता गाडी थांबवली की डिकी उघडल्यापासून ते पिशवी तपासून होईपर्यंत रेकॉर्डिंग कट करायचं नाही, कारण मध्ये कट झालं की उद्या कोणतरी म्हणणार तेवढ्यात पैसे गायब केले. एवढा विश्वास आमच्या कॅमेऱ्यावर, बरं का. आणि पैशाची वाट कशी, तर टेंडर मोठ्या कंत्राटदाराला, त्यानं दिलं तालुक्याच्या माणसाला आणि त्यानं फोन केला मला. विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबरला, माझे पैसे आले पुढच्या जूनमध्ये, ते पण दोन हप्त्यात. विचारलं की एकच उत्तर, "वरून बिल निघालं नाही." साहेब, वर तर तुम्ही लोकच आहात ना?

कायदा नाही असं पण नाही. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायला लागतं, पण त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडं नोंद पायजे आणि कामाचा काहीतरी कागद पायजे, माझ्याकडं कागद म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेलं लोकेशन आणि खाली "लवकर ये". २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यातली गिग वर्करची, म्हणजे कायम मालक नसलेल्या सुट्या कामगाराची, व्याख्या वाचली तर आमच्यावर बरोबर बसते, पण त्यांच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत पैसे टाकायचे ॲपवाल्या कंपन्यांनी, उलाढालीच्या १ ते २ टक्के. माझं ॲप म्हणजे टपरीवर चहा पीत फोन लावणारा मधला माणूस. तो कुठली उलाढाल दाखवणार? असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढलंय, ते नुसतं पाकिटात आहे. १९६९ ला ह्याच राज्यानं माथाडीचा कायदा केला, बोर्डातनं हमालाला मजुरी मिळायला लागली, म्हणजे मालक ठरलेला नसला तरी कामगाराचं काहीतरी करता येतं हे आपल्याकडं आधीच करून झालंय. गोविंदाला विमा दिलात ते पण चांगलं केलंत, पण त्याच चौकात वर स्टँडवर लटकून त्याचा थर शूट करणारा पण पडू शकतो की.

मी नवीन महामंडळ मागत नाही, त्याचा अध्यक्ष कोण ह्यातच दोन वर्षं जातील. जिथं सरकारचा नाहीतर नगरपालिकेचा पैसा आहे, इलेक्शन असो, महोत्सव असो, लोकार्पण असो, त्या शूटिंगच्या टेंडरमध्ये एवढंच लिहा की ऑपरेटरांची नावं, कामाचे दिवस आणि त्यांच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघणार नाही, आणि जेवढे दिवस काम तेवढ्या दिवसांचा अपघात विमा त्यानं काढायचा. शर्यतीच्या परवानगीत जनावरांच्या डॉक्टरच्या खाली पण हीच विम्याची अट टाका. इलेक्शन माझ्या खात्यात येत नाही म्हणाल, पण नाक्यावर उभा असलेला कामगार तर तुमच्याच खात्यात येतो.

नाव लिहीत नाही, वेंडर लोक पण फोनवर सगळं वाचतात. शनिवारी आमच्या तालुक्यात एका मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन आहे, दोन नंबर कॅमेरा मला सांगितलाय, सात वाजता स्टँडवर हजर राहायचंय. हजेरी किती, ते अजून सांगितलेलं नाही.

आपला,
दोन नंबर कॅमेरा