हद्दपारीची नोंद फॉर्मवर लपवू नका

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. पुढे काही महिन्यांनी माझा पुतण्याही तसाच सीमेवरून परत आला. त्याला पाठवण्यासाठी माझ्या भावाने चोपडा तालुक्यातला केळीचा मळा गहाण टाकला होता. आता एक एजंट त्याला सांगतो की, नवा पासपोर्ट काढू, फॉर्मवर हद्दपारीच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहू आणि कॅनडाचे बघू. या सल्ल्याने पोराचे उरलेसुरले नुकसान होईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

परत पाठवताना त्याच्या हाती एक कागद दिला होता, तो त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपला आहे. त्यावर प्रवेशबंदीच्या मुदतींपुढे चौकटी आहेत आणि त्याची खूण पाच वर्षांच्या चौकटीत आहे. सीमेवरून किंवा विमानतळावरून तातडीने परत पाठवलेल्यांना अमेरिकेत ५ वर्षे, इमिग्रेशन न्यायाधीशाच्या हुकमाने काढलेल्यांना बहुतेक वेळा १० वर्षे, दुसऱ्यांदा काढलेल्यांना २० वर्षे आणि विशिष्ट गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना कायमची बंदी असते. मुदतीच्या आत जायचे तर व्हिसाखेरीज तिथल्या सरकारची स्वतंत्र परवानगी लागते. मुदत सरली म्हणजे व्हिसा मिळेलच असे नाही, पण निदान अर्ज तरी रीतसर करता येतो.

खोटे बोलल्यास मात्र ही मुदतच उरत नाही. महत्त्वाची बाब लपवून व्हिसा मागितल्याचे ठरले, तर अमेरिकेत माणूस आयुष्यभरासाठी अपात्र होतो. माफीची तरतूद आहे, पण ती मिळणे अवघड. कॅनडात यासाठी ५ वर्षांची आणि ब्रिटनमध्ये १० वर्षांची बंदी येऊ शकते. कॅनडाचा फॉर्म तर इतर कोणत्याही देशाने तुम्हाला बाहेर काढले होते का, हेही स्पष्ट विचारतो. पासपोर्ट बदलला तरी बोटांचे ठसे तेच राहतात, आणि अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे देश ते आपसांत पडताळून पाहतात.

त्या एजंटाला आम्ही नकार कळवला असून तो कागद आता सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत कपाटात ठेवला आहे. आपल्या जिल्हा आवृत्तीत परदेशी नोकरीच्या जाहिराती येतात, त्यांच्या शेजारी ही माहितीही ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)