बर्लिनहून बाबांना: व्होल्टमध्ये मोजलेला सूर

बर्लिन, १४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही माझ्या मॉड्युलर सिंथेसायझरबद्दल, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वाजवायच्या या विजेच्या वाद्याबद्दल, विचारलेत की एवढ्या तारा आहेत तर संगणक कशाला, आणि संगणक आहे तर एवढ्या तारा कशाला. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र रास्त होता, आणि माझी अडलेली गाडी शेवटी तुमच्याच मल्टीमीटरने सोडवली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्या टेबलावरच्या चौकटीत बसवलेले प्रत्येक मॉड्यूल एकेकच काम जाणते. ऑसिलेटर नाद काढतो, फिल्टर त्याची धार बोथट करतो, आणखी एक मॉड्यूल आवाज लहानमोठा करते. म्युनिकजवळच्या डीटर डोएप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात ठरवलेल्या मापांत ही सगळी बसतात, त्यामुळे वेगवेगळ्या कारागिरांची मॉड्यूल्स एकाच चौकटीत सुखाने नांदतात. त्यांची आपसातली भाषा म्हणजे नुसता विजेचा दाब. इथे त्याला कंट्रोल व्होल्टेज किंवा थोडक्यात सीव्ही म्हणतात. ऑसिलेटरला मिळणारा दाब एक व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक चढतो. रॉबर्ट मूग यांच्या १९६० च्या दशकातील वाद्यांपासून चालत आलेली ही रीत आता बहुतेकांनी स्वीकारली आहे. सप्तकाचे बारा भाग केले तर पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचे अंतर सुमारे ८३ मिलिव्होल्ट भरते.

या तारांना स्मरणशक्ती मात्र नाही. आज जमलेली मींड उद्या तशीच हवी असेल, तर ती कुठेतरी लिहून ठेवावी लागते. संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये मी तिची रेघ आखतो, साउंड कार्ड त्या रेघेचे सेकंदाला ४८,००० वेळा विजेच्या दाबात रूपांतर करते, आणि ऑसिलेटर त्या दाबामागून सरकत जातो. निदान माझी समजूत तशी होती. पहिल्या दिवशी सूर दाबला की ऑसिलेटर किंचित कण्हायचा आणि लगेच मूळ पदावर यायचा. दोन रात्री मी सॉफ्टवेअरला दोष देत बसलो.

तिसऱ्या रात्री तुम्ही निघताना बॅगेत कोंबलेला काट्याचा मल्टीमीटर बाहेर काढला, डीसीच्या, म्हणजे स्थिर दाबाच्या, १० व्होल्टच्या रेंजवर ठेवला आणि साउंड कार्डच्या आउटपुटला लावला. सॉफ्टवेअरमधून स्थिर दाब सोडताच काटा टुणकन उडाला आणि हळूच शून्यावर येऊन बसला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. त्या क्षणी मला मिरजेचे आपले दुकान आठवले, कारण कपॅसिटर तपासताना काटा असाच उडून परत आला की "हा चांगला आहे" म्हणून तुम्ही तो बाजूला ठेवत असा. इथेही कपॅसिटर चांगलाच होता आणि तीच अडचण होती! सामान्य साउंड कार्डाच्या आउटपुटवर मालिकेत कपॅसिटर असतो, तो बदलता दाब जाऊ देतो आणि स्थिर दाब अडवतो. कानाला स्थिर दाब ऐकूच येत नाही आणि स्पीकरच्या कॉइलला तो तापवतो, तेव्हा गाणे ऐकण्यापुरती ही व्यवस्था शहाणपणाची आहे. माझा ऑसिलेटर मात्र नेमका त्या स्थिर दाबावरच जगतो.

म्हणून एक्सपर्ट स्लीपर्स कंपनीचे ईएस-८ नावाचे जुने मॉड्यूल घेतले. ते चौकटीतच बसते, संगणकाला यूएसबीने जोडले जाते, आणि त्याची आठही आउटपुट डीसी जाऊ देतात, उणे १० पासून अधिक १० व्होल्टपर्यंत. त्याला मीटर लावला तेव्हा काटा पाच व्होल्टवर गेला आणि तिथेच थांबला. मी उगीचच पाच मिनिटे त्याच्याकडे पाहत राहिलो. (स्पीकरची आउटपुट पूर्ण वेगळी ठेवली आहेत, काळजी नसावी.)

तरीही पहिले सप्तक बेसूरच लागले, कारण खरा ऑसिलेटर कागदावरच्या नियमाला तंतोतंत बांधलेला नसतो आणि तापमानानुसार थोडा सरकतोही. दहा मिलिव्होल्टची चूक झाली तर सूर बारा सेंटने, म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे आठव्या हिश्शाने ढळतो. संगीताचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या याच शहरातल्या एबलटन कंपनीने २०१९ मध्ये सीव्ही टूल्स नावाचा सॉफ्टवेअर-संच काढला. त्याला ऑसिलेटरचा आवाज परत ऐकवला की तो निरनिराळे दाब सोडून प्रत्येक वेळी लागलेला सूर मोजतो आणि पुढे त्या हिशेबाने दाब दुरुस्त करून पाठवतो. चौकट अर्धा तास तापू द्यावी आणि मगच हे करावे, असे माझे मत झाले आहे.

यानंतर मी पेटीला न जमणारी गोष्ट केली. पट्टीचा गंधार सा-पासून एक तृतीयांश व्होल्टवर येतो, परंतु आईच्या तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार त्याच्या किंचित खाली असतो. रेघ ११ मिलिव्होल्टने उतरवली आणि सा-शी होणारी त्याची थरथर थांबली. संगणकातून फिरून येणारा आवाज काही मिलिसेकंद मागे पडतो, त्याचे निराळे रडगाणे आहे. ते पुढच्या पत्रात.

आता एक काम आहे. आईचा तंबोरा मी काळी पाच धरून लावला आहे, पण ताईच्या म्हणण्याप्रमाणे आई हल्ली काळी चारमध्ये गाते. कृपया तिला विचारून कळवावे. तसे असल्यास मला सगळ्याच रेघा एक षष्ठांश व्होल्टने खाली आणाव्या लागतील.

तुमचा,
नंदू