थंडी पडायच्या आत

मोइग्राद, जिल्हा सलाज, रोमानिया
12 ऑक्टोबर

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. खोकला पूर्ण गेला. खोलीत लाकडं घालायची शेगडी आहे, रात्री पांघरूण बाजूला सारावं लागतं इतकी ऊब असते. तेव्हा स्वेटर पाठवू नका, टपालालाच जास्त पैसे जातील.

आबा, तुम्ही कामाचं विचारलंत. गावाच्या डोक्यावर पोमेत नावाची टेकडी आहे, तिच्यावर पोरोलिस्सुमचा किल्ला. रोमन बादशहा ट्राजानने 106 साली हा मुलूख जिंकला, तेव्हा आधी माती-लाकडाचा तट उभा राहिला आणि दगडाचा मागाहून झाला. साधारण 300 मीटर लांब, 230 रुंद. रोमन राज्याची हद्द इथंच संपायची. 2024 साली युनेस्कोने ही सगळी हद्द जागतिक वारशात घेतली.

आमच्याकडे त्या तटाच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायचं काम आहे. जुना भुगा दोन-तीन सेंटीमीटर आत खरवडायचा, भिंत पाण्याने भिजवायची, मग एक भाग चुना आणि तीन भाग वाळू दाबून भरायची. वर ओलं गोणपाट, नाहीतर चुना भसकन वाळतो आणि चिरतो. सिमेंट अजिबात नाही. तुम्ही म्हणायचात तेच खरं: सिमेंट दगडापेक्षा कडक, आतली ओल बाहेर सोडत नाही, मग गोठलेलं पाणी दगडाचं तोंडच उडवतं. तुमची थापी इथं रोज हातात असते.

आई, जेवणाचं टेन्शन घेऊ नकोस. बुधवारी-शुक्रवारी इथली जुनी माणसं उपास करतात, त्याला 'पोस्ट' म्हणतात. मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. त्या दिवशी घेवड्याची उसळ, मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि 'झाकुस्का' असते, म्हणजे भाजलेल्या वांग्या-मिरच्यांचं तेलात आटवलेलं भरीतच. माझे सोमवारही नीट चाललेत.

दारूचं तू दोनदा विचारलंस, म्हणून सगळं नीट सांगतो. इथं पाहुण्याला दारातच बोटभर पेल्यात 'पालिंका' देतात, जसा आपण चहा देतो. ती घरच्या आलुबुखाराची असते. सप्टेंबरात पिकून गळलेली फळं पिंपात टाकतात, पण पिंप पाऊणच भरतात, कारण फेस वर येतो. रोज ढवळून वरचा थर मोडायचा, मोडला नाही तर त्याला आंबूस बुरशी धरते. तीन-चार आठवड्यांनी बुडबुडे थांबले आणि फळ तळाला बसलं की तांब्याच्या भट्टीत चढवायचं. रांधा, म्हणजे आंबलेल्या फळांचा लगदा, घट्ट असतो, तळाला लागला तर सगळ्याला जळका वास येतो, म्हणून आत हाताने फिरवायचं पातं असतं. पहिल्या खेपेची कच्ची. ती परत चढवतात, तेव्हा सुरुवातीचा थोडा अर्क ओतून देतात, तो विषारी असतो. शेवटचा पाणचट भागही वेगळा काढतात. शंभर किलो फळांतून आठ-दहा लिटर निघते, निम्मी अल्कोहोल. भट्टी सरकारदरबारी नोंदलेली असते, कर भरतात, आपल्याकडच्या हातभट्टीसारखं लपूनछपून नाही. नको असेल तर छातीवर हात ठेवून 'मुलत्सुमेस्क' म्हणजे धन्यवाद म्हणायचं, कुणी रागवत नाही. मी तेच करतो, तुझी शपथ.

आता पैशाचं. पारा पाचाखाली गेला की चुन्याचं काम बंद करतात. ओला चुना गोठला तर त्यातलं पाणी फुगतं आणि भरलेली दरज वसंतात पिठासारखी हातात येते. म्हणून नोव्हेंबरपासून टेकडी बंद. ठेकेदार जवळच्या झालाउ शहरातल्या शेडमध्ये दगड घडवायला देणार आहे, पण रोजंदारी कमी. परमिट त्याच्याच नावावर आहे, दुसरीकडे जाता येत नाही.

त्या चार महिन्यांत घरी यायला हरकत नव्हती. तिकिटाचे जाऊन-येऊन जे लागतात, त्यात धाकटीचं मंगळसूत्र होतं, म्हणून थांबतोय. तिला हे सांगू नका, रजा मिळत नाही असं सांगा. पन्नास हजार 20 तारखेला खात्यात येतील. उरलेले मार्चनंतर. मुहूर्त वैशाखातला धरला तर सगळं बसतं. चैत्रातला पाव्हण्यांनी धरू नये, एवढं आबा तुम्ही बोला.

आणि आबा, गुडघ्याचं औषध माझ्या पैशातून घ्या, लग्नाच्या नाही.

तुमचाच,
बाळ