सॅम ब्रॅननची अर्धीच गोष्ट छापलीत

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत धंद्याच्या पानावर अमेरिकेत सोन्याच्या धावपळीत श्रीमंत झालेल्या सॅम ब्रॅनन या दुकानदाराचा किस्सा वाचला, सोनं खणायला जाऊ नका, खणणाऱ्यांना फावडी विका वगैरे. आमचा नातू मोबाईलवर शेअर मार्केटचा क्लास करतो, त्याने तर पान कापून फ्रिजला चिकटवलं, म्हणून हे पत्र. माझं नागदेवी स्ट्रीटला चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान होतं, फावडी घमेली मी पण विकली, त्यामुळे हा माणूस मला आपल्यातला वाटतो, पण तुम्ही इंटरव्हललाच पडदा पाडलात.

१८४६ ला मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं जहाज घेऊन तो आत्ताच्या सॅन फ्रान्सिस्कोला उतरला, तेव्हा तिथे जेमतेम खेड्याएवढी वस्ती. तिथे त्याने पेपर काढला आणि तिथून आतल्या भागात सटर नावाच्या जमीनदाराच्या किल्ल्यापाशी दुकान टाकलं. जानेवारी १८४८ ला सटरच्या लाकडाच्या गिरणीजवळ सोनं सापडलं आणि गिरणीची माणसं याच्याच दुकानात सामानाचे पैसे सोन्यात द्यायला लागली. मग काय, सांगतात की ब्रॅनन साहेबांनी सोनं धुवायच्या पराती, फावडी मिळेल तेवढी उचलून ठेवली आणि मग बाटलीत सोन्याचा चुरा घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यात सोनं सोनं ओरडत फिरले. वीस सेंटची परात पंधरा डॉलरला. गंमत म्हणजे गाव सगळं खाणींकडे पळालं आणि जूनमध्ये याचाच पेपर बंद पडला, हे तरी तुम्ही छापायला हवं होतं साहेब!

आता हे हुशारीचं की लुटीचं? खोटं कशाला बोलू, २६ जुलै २००५ च्या पावसानंतर ताडपत्री आणि टॉर्चला मी पण दोन पैसे जास्त लावले होते, गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण एक म्हातारी नुसती बघत राहिली आणि पैसे मोजून देऊन गेली, ते अजून आठवतं. म्हणून त्याला शिव्या घालायचा मला हक्क नाही. फक्त तरुण पोरांना सांगताना पंधरा डॉलरवर थांबू नका एवढंच.

पुढचं असं आहे, १८५१ ला शहरात गुन्हे वाढले म्हणून लोकांनीच कमिटी करून माणसं फासावर चढवली, तिचा पुढारी हाच. आणि दोनच वर्षांनी हाच कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये कायदे करायला निवडून गेला, मुंबईकराला याचं काय नवल म्हणा. कॅलिफोर्नियातला पहिला करोडपती म्हणतात त्याला, म्हणजे त्यांच्या भाषेत मिलियनेर. मग गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी कॅलिस्टोगा गाव वसवलं, त्यात पैसा ओतला. पण सगळा पैसा जमिनीत, दारू वाढलेली, त्यात घटस्फोट, बायकोचा वाटा रोख द्यायचा म्हटल्यावर जमिनी विकायला लागल्या. आमच्या बाजारात असे कितीतरी शेठ बघितलेत, गाळे चार आणि खिशात टॅक्सीला पैसे नाहीत.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं. १८८८ ला मेक्सिको सरकारकडून जुन्या येण्याचं व्याज आलं, ४९ हजार डॉलर. वय ६९. त्याने दारू सोडली आणि सगळी देणी फेडून टाकली. ज्याने एका परातीवर चौदा डॉलर ऐंशी सेंट मारले त्यानेच हे केलं, माझ्या लेखी त्याच्या हयातीतला सगळ्यात मोठा व्यवहार हाच. १८८९ ला एस्कॉन्डिडोला वारला तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीपुरतेसुद्धा पैसे उरले नव्हते, देह सॅन डिएगोला कित्येक महिने दफनाविना पडून होता.

नातवाला हे सांगितलं तर म्हणतो आजोबा, पेपरात तर असं काही नाहीये. तेव्हा पुढच्या रविवारी चार ओळी द्याच, फ्रिजवर जागा ठेवली आहे.

आपला,
एक रिटायर्ड दुकानदार, गिरगाव